खंडेनवमीला बंद झालेली तक्रार

“वाचा आणि सही करा, पोवार मॅडम. हे जितकं लवकर संपेल तितकं तुमच्याच हिताचं आहे,” नाडगौडा म्हणाले आणि त्यांनी टाइप केलेला कागद टेबलावरून पुढं ढकलला.

मालाताई कागदाकडं नुसत्या बघत राहिल्या. हात त्यांनी मांडीवरच ठेवले होते.

“काय लिहिलंय त्यात?”

“जे झालं तेच. शिवप्रसाद अपार्टमेंटची तक्रार तुमच्याकडून नजरचुकीनं बंद झाली, त्यामुळे मेकॅनिक पाठवायचा राहिला. ‘नजरचुकीनं’ हे मी मुद्दाम घातलंय. तुमचा विचार करूनच.”

“आणि पोलिसांकडं ह्योच कागद जाणार?”

“कंपनीला काहीतरी उत्तर द्यावं लागेल ना?”

मी कोपऱ्यात प्रोजेक्टरपाशी उभा होतो. माझा राग तसाही नाकावरच असतो, पण ते ‘तुमचा विचार करूनच’ ऐकलं आणि माझे कान तापले. मला तिथं बोलावलं होतं ते फक्त वायर जोडायला. बोलायला नव्हे.

आमची कंपनी लिफ्ट बसवायची आणि बसवलेल्या लिफ्ट सांभाळायची. कारखाना आणि मूळ ऑफिस कोल्हापुरात. मालक अण्णा मगदूम, वय सत्तरीचं, तरी रोज सकाळी कारखान्यात फेरी मारल्याशिवाय खुर्चीवर न बसणारे. नाडगौडा सर्व्हिसचे प्रमुख, ते पुण्याच्या ऑफिसात बसायचे. विजयमाला पोवार, म्हणजे आमच्या मालाताई, कोल्हापूरच्या तक्रारी घ्यायच्या. फोन आला की सॉफ्टवेअरमधे नोंद करायची, नोंदीला नंबर मिळायचा, आणि नंबर मिळाला की मेकॅनिकची गाडी हलायची. नंबर नाही तर गाडी नाही, हा नियम नाडगौडांनी घातलेला. काम झालं की तक्रार बंद. मी इर्शाद मुजावर, त्या ऑफिसातले कॉम्प्युटर माझ्याकडे होते.

शिवप्रसादच्या पहिल्या मजल्यावर लिफ्टच्या दाराचं लॉक झिजलं होतं. लिफ्ट तिथं नसली तरी दार उघडायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तसा फोन केला, मालाताईंनी तक्रार नोंदवली, आणि मेकॅनिक जायच्या आधीच ती सॉफ्टवेअरमधे ‘बंद’ झाली. बंद झालेली तक्रार यादीतून जाते, मग तिच्याकडं कोण बघणार? दसरा झाला. कोजागिरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवगोंडा नावाचा दूधवाला पहिल्या मजल्यावर दूध घालून वर जायला निघाला. त्यानं दार ओढलं आणि सवयीनं आत पाय टाकला. आत लिफ्ट नव्हती. जीव वाचला, पण कमरेचं हाड मोडलं. पुन्हा दुधाची कॅन घेऊन जिने चढेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते.

समोरच्या भिंतीवर नाडगौडांच्या लॅपटॉपमधे उतरवून ठेवलेला रिपोर्ट दिसत होता. त्यातली एक ओळ त्यांनी पिवळी करून ठेवली होती. शिवप्रसाद अपार्टमेंट, तक्रार बंद, तीस सप्टेंबर, दुपारची वेळ. आणि शेवटच्या रकान्यात नाव: विजयमाला पोवार.

“मुजावर, तुम्हीच सांगा अण्णांना,” नाडगौडा माझ्याकडं वळले. “हे लॉगिन कुणाचं?”

“मालाताईंचं.”

“पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाही.”

“झालं तर मग.”

अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ते फार वैतागले की असं करायचे.

“माला, तू किती वर्सं हाईस हितं. मी तुला काढणार न्हाई, शब्द देतो. पण चूक झाली असंल तर सही करून टाक. फुडचं वकील बघंल.”

“मला आठवत न्हाई वो अण्णा,” मालाताई म्हणाल्या. “मी बंद केली असती तर आठवली असती. पण ते सॉफ्टवेअर मला सारखं भाईर काढतंय. अर्धी तक्रार लिहून झाली की एकदम लॉगिनचं पान येतंय. लिवलेलं सगळं जातंय. परत आत जायचं, परत लिवायचं, वर फोन वाजतोय. त्या गडबडीत माझं बोट पडलं असंल का कुठं?”

हे त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला तिथल्या तिथं नाडगौडांची कॉलर धरावीशी वाटली. आदल्या दिवशी त्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. शिवगोंडाच्या बायकोनं, कोण कुठल्या हे न विचारताच, त्यांना थर्मासमधला चहा दिला होता. हे त्या मला सकाळी सांगत होत्या. दोन दिवसांत या बाईला एवढं घोळून घोळून सांगितलं होतं की आता तिला स्वतःचाच भरवसा उरला नव्हता.

आणि ते बाहेर काढणं खरं होतं. मी स्वतः ते अनेकदा पाहिलं होतं. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना मी पुन्हा पुन्हा कळवलं. दर वेळी एकच उत्तर: आमच्याकडे तपासले, असे होत नाही. आणि माझी तक्रार बंद. तक्रारी सांभाळायचं सॉफ्टवेअर विकून गब्बर झालेली माणसं, आणि स्वतःकडं आलेली तक्रार न बघता बंद करत होती. फोनवर मी त्यांच्या माणसाला अशा शिव्या घातल्या होत्या की नाडगौडांनी मला पुण्याहून समज दिली होती.

“तो मुद्दाच वेगळा आहे,” नाडगौडा म्हणाले. “लॉगिन जातं ही एक अडचण. तक्रार बंद झाली ही दुसरी गोष्ट. दोन्हीची सरमिसळ करू नका.”

मालाताईंनी पेन उचललं. टोपण काढलं आणि पुन्हा भिंतीकडं बघितलं.

“तीस तारखेला दुपारी मी काय करत हुते?” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तीस तारीख म्हणजे महिनाअखेर. दर महिनाअखेरीला दुपारी मी सगळ्या मशिनांचा बॅकअप घ्यायचो. सप्टेंबरचा बॅकअप मात्र मी आदल्या दिवशीच उरकला होता. का उरकला होता? हे आठवायला मला क्षणभर लागलं, आणि मग डोळ्यांपुढं शिवाजी मार्केटातून आणलेली झेंडूची पाटी आली.

“ताई, पेन खाली ठेवा,” मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

“मुजावर, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही,” नाडगौडा म्हणाले.

“अण्णा, तीस तारखेला दुपारी मशिनं चालू होती का?”

“मला काय विचारतोस रं? मशिनं तुझ्याकडं का माझ्याकडं?”

“अण्णा, त्या दिवशी खंडेनवमी होती.”

अण्णांचा हात टोपीवर होता तो तसाच राहिला.

आमच्याकडं खंडेनवमी म्हणजे काय, हे पुण्याच्या ऑफिसला कधी कळलं नाही. त्यांना फक्त दसऱ्याची सुट्टी माहीत. कोल्हापुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळं पुसून लख्ख करायचं. कारखान्यात लेथ, ड्रिल, पाने, हातोडे, ऑफिसात कॉम्प्युटर. ज्याच्या हाताखाली जे हत्यार, त्यानं ते सजवायचं. कॉम्प्युटर माझे, म्हणून त्यांच्या माळा ओवायचं काम माझं, आणि मुजावराच्या माळा सगळ्यांत दाट असतात असं अण्णा दर वर्षी चारचौघांत म्हणायचे. मग ते स्वतः एकेका मशिनला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि मेन स्विच पाडायचे. त्यानंतर दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कुणी मशिनला हात लावायचा नाही. हत्याराला विश्रांती. मधे फोन आला तर कागदावर टिपून ठेवायचं.

“मेन स्विच मी पाडला,” अण्णा सावकाश म्हणाले. “ह्या हातानं पाडला.”

“अहो, पूजा सकाळी झाली असेल,” नाडगौडा हसले. “दुपारी कुणीतरी चालू केलं असेल. कामं काय थांबतात का?”

हे बोलायला नको होतं. अण्णांचं तोंड लाल झालं.

“माझ्या हापिसात? हळदकुंकू लावलेल्या मशिनला? नाडगौडा, हितला झाडूवालासुदिक तसं करणार न्हाई.”

“मग मॅडमनी घरून केलं असेल.”

“घरात कॉम्प्युटर कुठला आलाय माझ्या?” मालाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता जरा वर आला होता. “आणि अण्णा, पूजा झाल्यावर तुमीच अर्धी सुट्टी दिलीसा की. मी घरात कडाकण्या लाटत हुते. जाऊबाई हुती, शेजारच्या दोघीजणी हुत्या.” त्या थांबल्या. मग माझ्याकडं वळल्या. “इर्शाद, म्हंजे मी न्हवं ना?”

“तुम्ही नव्हे, ताई.”

“नक्की न्हवं?”

“नक्की.”

त्यांनी टोपण पेनाला लावलं.

पण मग कोण? पासवर्ड कुणाला माहीत नव्हता, मशिनं फुलांखाली बंद होती, आणि तक्रार तर त्यांच्याच नावानं बंद झाली होती. मी भिंतीवरच्या रिपोर्टकडं बघत राहिलो. रिपोर्टच्या पानाच्या डोक्यावर त्याचा पत्ता दिसत होता, अक्षरं आणि आकड्यांची लांबच लांब शेपटी असलेला. रोज संध्याकाळी मालाताईंनी रिपोर्टचं पान उघडायचं, तो पत्ता उचलायचा आणि नाडगौडांना मेल करायचा. नाडगौडांनी त्यावर बोट टेकवलं की पुण्यात रिपोर्ट उघडायचा. वेगळं लॉगिन करायचा त्रास नको, म्हणून हीही पद्धत त्यांनीच पाडलेली.

लॉगिनचा त्रास नको. हे डोक्यात आलं आणि मला दोन्ही तक्रारींचं एकच उत्तर दिसलं. रागाच्या भरात मी खुर्ची ओढली ती आडवीच पडली.

“ताई, तुमच्या टेबलापाशी जा. लॉगिन करा आणि रोजच्यासारखी रिपोर्टची लिंक साहेबांना पाठवा. पाठवली की काहीतरी टाइप करत बसा. काहीही.”

“मला मशिनला हात लावू नको म्हणून सांगितलंय साहेबांनी,” त्या म्हणाल्या. “पुरावा हाय म्हणं.”

“माला, जा तू,” अण्णा म्हणाले.

त्या बाहेर गेल्या. दार उघडंच राहिलं. थोड्या वेळानं नाडगौडांच्या लॅपटॉपवर मेल आल्याचा आवाज झाला.

“उघडा साहेब,” मी म्हणालो.

“हा काय पोरखेळ आहे? अण्णा, मला पाचच्या आत पुण्याला निघायचंय.”

“उघडा,” अण्णा म्हणाले.

नाडगौडांनी लिंक उघडली. भिंतीवर रिपोर्ट आला. आणि वर उजव्या कोपऱ्यात, जिथं लॉगिन करणाऱ्याचं नाव येतं, तिथं ठसठशीत अक्षरांत आलं: स्वागत, विजयमाला पोवार.

तेवढ्यात बाहेरून मालाताईंची हाक आली.

“इर्शाद! बघ, परत भाईर काढलं मला!”

अण्णा खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेले. चष्मा सावरून त्यांनी ते नाव जवळून वाचलं.

“हे काय हाय?” त्यांनी विचारलं.

“अण्णा, पत्ता पाठवताना पाकिटात घराची किल्लीपण जावी, तसं झालंय,” मी म्हणालो. “त्या लिंकमधे ताईंचं लॉगिनच चिकटून जातंय. साहेबांनी लिंक उघडली की सॉफ्टवेअर त्यांनाच मालाताई समजतंय. एक लॉगिन दोन ठिकाणी दिसलं की आधीच्याला बाहेर काढतंय. म्हणून त्या सारख्या बाहेर पडत होत्या. त्या पुन्हा लॉगिन करेपर्यंत जुनी किल्ली चालते. खंडेनवमीला त्यांनी लॉगिन केलंच नाही. आदल्या संध्याकाळची किल्ली दिवसभर चालू होती, पुण्यात.”

नाडगौडांनी लॅपटॉपकडं बघितलं, मग अण्णांकडं. माझ्याकडं बघितलं नाही.

“मला याची कल्पना नव्हती,” ते म्हणाले. “खरंच सांगतो. सुरुवातीला माझ्या लक्षातच आलं नाही.”

“सुरवातीला,” अण्णा म्हणाले. “आणि मग?”

नाडगौडांनी चष्मा काढला.

“अण्णा, महिनाअखेर होती. जुन्या तक्रारी रिपोर्टमधे लाल दिसतात. त्यातल्या निम्म्या झालेल्याच असतात, बंद करायच्या तेवढ्या राहिलेल्या. मी दर महिन्याला तशा साफ करतो. मला वाटलं, हीही झालेलीच असेल.”

“फोन करून विचारलं का कुणाला?”

“कोल्हापूरचा फोन कुणी उचलत नव्हतं.”

“कसा उचलतील? सण हुता!” अण्णांनी टेबलावर हात आपटला. टोपी खाली पडली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याच्या नावानं तक्रारी पुसायच्या, वर तिच्याच पुढ्यात सहीचा कागद सरकवायचा, आणि ‘तुमचा विचार करूनच’ म्हणायचं! त्यांना सगळं माहीत होतं. भिंतीवर ती ओळ पिवळी करताना माहीत होतं, मला पासवर्डाचं विचारताना माहीत होतं. अण्णांनी माझा दंड धरून मला मागं खेचलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

मला वाटलं होतं, आता अण्णा त्यांना हाकलतील. अण्णांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि दार लोटून घेतलं.

“हे बघा,” ते म्हणाले. “मालाचं नाव काढून टाकायचं. तिचा काय संबंध न्हाई. पण नाडगौडांचंबी नाव भाईर गेलं तर कंपनी जाईल. सॉफ्टवेअरचा घोटाळा झाला, असं सांगू. खोटं न्हाई ते. झालाच हाय की घोटाळा. माणसाचं नाव कशाला पायजे त्यात?”

“आत्तापर्यंत माणसाचं नाव चालत होतं की, अण्णा,” मी म्हणालो.

अण्णांनी मान खाली घातली, पण शब्द मागं घेतला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नाडगौडा पुढं आणखी मोठ्या कंपनीत गेले, त्यांचा निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. अण्णा वारले. ते सॉफ्टवेअरही गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं. माझी त्या दिवसाची गोष्ट लोक अजून काढतात, मुजावरनं काय पकडलं म्हणून. मला त्याचा आनंद कधी झाला नाही. त्या बंद खोलीत आम्ही तिघं कुणाचं नाव राहील आणि कुणाचं जाईल यावर भांडत होतो. तेवढ्यात मालाताईंनी दार ढकललं, आणि त्यांचा प्रश्न ऐकल्यावर माझा सगळा आवेश जागच्या जागी थिजला.

“तुमचं काय ते ठरवा,” त्या म्हणाल्या. “दाराचं लॉक बदललं का?”

“कोणत्या दाराचं?” नाडगौडा म्हणाले.

“शिवप्रसादच्या.”

अण्णांनी नाडगौडांकडं बघितलं. नाडगौडांनी माझ्याकडं बघितलं. मी कुणाकडं बघणार?

“काल मी दवाखान्यातनं तिकडं गेल्ते,” मालाताई म्हणाल्या. “लिफ्टची लाइट बंद केल्या त्यांनी, पण दार अजून उघडतंयच. सुतळीनं बांधलंय. सुतळी! समोरच्या घरातली पोरं तिथंच खेळत्यात. मी मेकॅनिक बाबरला म्हटलं, जा लगेच. तर त्यो म्हणतोय, नंबर द्या, नंबराशिवाय लॉक मिळत न्हाई स्टोअरमधनं. आणि मला मशिनला हात लावू नको म्हणून बसवून ठेवलंसा, पुरावा हाय म्हणून. दोन दिस झालं अण्णा. इतकी माणसं, इतके वकील, इतके फोन. एकालाबी ते दार आठवलं न्हाई?”

मी पुढं होऊन नाडगौडांचा लॅपटॉप खाडकन मिटला. ताईंनी पुन्हा लॉगिन केलं की जुनी किल्ली आपोआप मरणार होती, त्यामुळं मिटायची काही गरज नव्हती. तरी मिटला. भिंत पांढरी झाली.

मालाताईंनी टेबलावरचा तो सहीचा कागद उचलला आणि बाहेर आपल्या जागेवर जाऊन बसल्या. आम्ही तिघं त्यांच्या मागं गेलो. मॉनिटरच्या कडेला खंडेनवमीच्या कुंकवाचा डाग अजून होता. त्यांनी लॉगिन केलं, नवीन तक्रार उघडली आणि एकेक अक्षर जपून लिहू लागल्या. शिवप्रसाद अपार्टमेंट. पहिला मजला. दाराचं लॉक निकामी. माणूस पडला आहे. या वेळी सॉफ्टवेअरनं त्यांना बाहेर काढलं नाही.

सगळ्यांत शेवटी तक्रार नोंदवणाऱ्याचं नाव येतं. ते आपोआप भरलेलं असतं. तिथं त्यांचं बोट थांबलं.

“नाव बदलू का ताई?” मी म्हणालो. “माझं घालतो.”

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “ही मीच लिवल्या.”

त्यांनी बटण दाबलं. नंबर आला. हातातला कागद त्यांनी उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर तो नंबर ठळक लिहून काढला. मग कागदाची घडी घालून ती अण्णांच्या हातात दिली.

“बाबर खाली गेटपाशी उभा हाय,” त्या म्हणाल्या. “नेऊन द्या त्याला.”

अण्णा मगदूम जिना उतरून गेले.